निरोगी गटातली बाई

इलोइलो या बेटावरच्या शहरातल्या त्या प्रयोगशाळेला एक जुनी खोड होती. तुलनेसाठी निरोगी बाईचं रक्त लागलं, की बाहेर कुणाला शोधायला जायचं नाही; आपल्यातल्याच एकीला म्हणायचं, "मनांग, जरा बाही वर कर." मनांग म्हणजे ताई. परवानग्या होत्या, सह्या होत्या, चोरून काही चालत नव्हतं. पण बाहेरच्या बायकांना दहा गोष्टी समजावत बसण्यापेक्षा हे सोपं पडायचं. करता करता सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलं, की आजारी बायका त्या बाहेर बाकड्यावर बसलेल्या, आणि पांढरा कोट घालून आत फिरतो ते आपण धडधाकट. हे कुणी तपासून पाहिलं होतं का? तर नाही.

आरासेलीचा दंड तर सगळ्यांच्या आवडीचा. शीर ठसठशीत, सुईला ना नाही, वर हसून विचारणार, "एवढंच पुरलं?" चौतिशीची बाई, बारा वर्षं त्याच टेबलाशी काम केलेली. रक्तातून पेशी वेगळ्या काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नळीवर तिचं नाव नसायचं, 'एन-७' एवढंच असायचं, आणि ती चिठ्ठी ती स्वतःच चिकटवायची. उरलेलं रक्तजल गोठवणीच्या कपाटात जायचं आणि ती ते विसरून जायची.

प्रयोगशाळा डॉक्टर मोन्तेक्लारोबाईंची. त्यांना सगळे डोक्तोरा म्हणत. त्यांचं निम्मं आयुष्य एकाच कोड्यात गेलं होतं. गर्भ राहिला की वार आईच्या अंगात मुळं रोवते. ती किती खोल शिरू द्यायची, यावर गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही पेशींची नजर असते. पहारेकरीच म्हणा. या पेशी कुठून येतात, वाढता वाढता काम कशा शिकतात, आणि कुणाकुणात त्यांचा पहारा ढिला का पडतो, हे ते कोडं. पहारा ढिला पडला की एखादीचं रक्तदाबानं डोकं फुटायची वेळ येते, एखादीचं मूल पडतं. आणि त्या बेटांवर आणखी एक दुखणं आहे, कियावा. पाळी चुकते, पोट वाढतं, उलट्या होतात, शेजारणी दृष्ट काढतात, आणि पोटात मूल नसतंच. नुसती वार वाढत असते, पाण्यानं भरलेल्या मण्यांचा घोस. बहुतेकींचा एकदा साफ केला की संपतो. काहींचा संपत नाही. मागे राहिलेल्या पेशी रक्तातून फुप्फुसांत जाऊन ठाण मांडतात, आणि मग त्याला कर्करोग म्हणायचं. तो दुर्मीळ आहे, वेळेवर गाठला तर इंजेक्शनांनी बराही होतो. अट एवढीच, की बाईनं इंजेक्शनांना यायला पाहिजे. बायका घाबरून घरी बसत. अशा घरी बसलेल्यांना फोन करायचं काम आरासेलीकडे होतं, कारण तिचा आवाज गोड आणि रागवायची पद्धत घरच्यासारखी.

सप्टेंबरात परदेशातून डोक्तोरांच्या लेखावर शेरा आला. तुम्ही ज्यांना निरोगी म्हणता त्या बायका त्या वेळी गरोदर नव्हत्या, याचा पुरावा द्या. डोक्तोरा चिडल्या, "यांना आमच्या बायकांची फार काळजी!" म्हणाल्या, आणि निरोगी गटातल्या प्रत्येकीची शेवटची नळी काढून गर्भाच्या संप्रेरकाची तपासणी करायला सांगितलं. काम जुनरेलकडे आलं. जुनरेल चार पोरांचा बाप, तोंडाला कुलूप नाही, पण कामात चोख.

दुपारी यंत्रानं कागद बाहेर टाकला आणि जुनरेल ओरडला, "अगं मनांग, इकडे ये, गंमत बघ! एन-सात पोटुशी आहे!"

आरासेली हातमोजे काढत होती. एक हात निघाला होता, दुसरा तसाच राहिला.

"कोण गं ही एन-सात? निरोगी म्हणून भरती झाली आणि बाईसाहेब बाळंतपणाच्या तयारीत! पेढे मागायला हवेत."

"यंत्र बिघडलं असेल," आरासेली म्हणाली.

"यंत्र कसलं बिघडतंय? बाकी सगळ्या शून्य. ही एकटीच उंच उडालीये."

"मग नळी बदलली असेल. परत लाव."

"दोनदा लावली."

जुनरेलला पाठमोरी होऊन ती बेसिनशी गेली आणि हात धूत राहिली. तिचा नवरा रेनांते तेलवाहू जहाजावर इंजिनियर. नाताळच्या सुट्टीला आला होता, फेब्रुवारीत गेला. मार्चमध्ये तिचं तिसऱ्या महिन्यातलं पोट पडलं. तेव्हापासून तिच्या खोलीत पुरुष म्हणून कुणी आला असेल तर पंखा दुरुस्त करणारा म्हातारा, आणि तोही सासूच्या देखत. मूल असणं शक्यच नव्हतं. मग आकडा कशाचा? याचं उत्तर अख्ख्या इमारतीत तिच्याइतकं चटकन कुणाला सुचलं नसतं. बारा वर्षं तेच तर बघत आली होती. नळ गळत राहिला, ती उभी राहिली, आणि घशाशी आलेला खोकला तिनं तसाच गिळला. खोकला जूनपासूनचा. धुळीचा म्हणून सोडून दिलेला.

शनिवारी प्रयोगशाळेला अर्धा दिवस. सगळे जेवायला म्हणून गेले ते घरीच. आरासेली म्हणाली, "मी पेशींना खाऊ घालून निघते," आणि मागे राहिली. सगळ्यांची पाठ वळल्यावर तिनं गोठवणीचं कपाट उघडलं. मे, जून, जुलै, ऑगस्ट. एन-७ च्या चार नळ्या, प्रत्येकीवर तिच्याच हाताचं अक्षर. त्यांच्या जोडीला तिनं सिस्टर ग्लिसेरियाची एक नळी घेतली. ही सिस्टर मठातली जोगीण, म्हणजे नन, आकडेमोडीला म्हणून आठवड्यातून दोनदा यायची आणि निरोगी गटात तिचाही दंड होता. यंत्र खोटं बोलत असेल तर सिस्टरच्या बाबतीतही बोलेल, असा आरासेलीचा हिशेब. देवाची शपथ, आयुष्यात पहिल्यांदा तिनं अशी प्रार्थना केली, की जोगीण गरोदर निघू दे.

नळ्या विरघळेपर्यंत तिनं त्या मुठीत धरल्या. नमुना भरताना दोन थेंब बाहेर सांडले, असं तिच्या हातून कधी होत नसे. मग ती यंत्रासमोर स्टूल ओढून बसली आणि तोंडातल्या तोंडात देवमातेचा जप करत राहिली, मध्येच कुठपर्यंत आलो ते विसरत, परत पहिल्यापासून.

सिस्टर शून्य. स्वच्छ, कोरं शून्य.

मेमध्ये आकडा लहान होता. पण होता. मार्चमध्ये पडलेल्या पोटाचा तोपर्यंत मागमूस राहायला नको होता, तिथे तो होता. जूनमध्ये वाढला. जुलैमध्ये आणखी. ऑगस्टमध्ये तर दांडगाईनं वर चढलेला. पोटात मूल असतं तर आकडा असा चार महिने रमतगमत चालत नाही, भराभर चढतो. ही चाल तिच्या ओळखीची होती. अशाच चालीचे कागद तिनं डोक्तोरांच्या टेबलावर नेऊन ठेवले होते आणि वर म्हणाली होती, "हिला आजच बोलवायला पाहिजे, डोक्तोरा."

तिनं कागद फाडला. तुकडे कोटाच्या खिशात घातले, मग खिशातून काढून पर्समध्ये, मग पर्समधून काढून संडासात टाकले आणि दोनदा पाणी सोडलं. एवढं करूनही सुटका झाली नाही. कारण आता तिला आणखी एक गोष्ट कळली होती. मेपासून डोक्तोरांनी आजारी बायकांचे पहारेकरी जिच्या पहारेकऱ्यांशी ताडून पाहिले, ती निरोगी बाई हीच. सगळं माप हिच्यावरून घेतलेलं.

आता कुणी म्हणेल, एवढं जाणणारी बाई, मग सोमवारी सकाळी डोक्तोरांच्या दारात जाऊन उभी का राहिली नाही? माणसाला कळलं की तो वळतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. आरासेलीला जेवढं कळत होतं तेवढी तिची भीती मोठी होती. अडाणी बाई एकदा घाबरते. हिला औषधाचं नाव माहीत, औषध लागू न पडलेल्यांची नावं माहीत, फुप्फुसातून डोक्यात गेल्यावर काय होतं तेही माहीत. डोळे मिटले की अशा एकेकीचा चेहरा समोर यायचा.

आणि दुसरं कारण घरात बसलं होतं.

मार्चमध्ये पोट पडलं ते ओतोन या त्यांच्या राहत्या गावातल्या एका लहान दवाखान्यात. तिथल्या डॉक्टरनं विचारलं होतं, "तपासणीला पाठवायचं ना?" आरासेलीनं उभ्या जन्मात दुसऱ्या कुणाला 'नको' म्हणू दिलं नसतं. पडलेल्या पोटातलं सगळं तपासलंच पाहिजे, मूल होतं की कियावा ते बघितलंच पाहिजे, हे ती नव्या परिचारिकांना दरडावून शिकवायची. पण त्या दिवशी पलंगाशी सासू उभी होती. नानाय सीपिंग. नानाय म्हणजे आई. सात वर्षं नातवाची वाट पाहिलेली बाई. ती म्हणाली, "माझं लेकरू मी बाटलीत बुडवून कुठे पाठवू देणार नाही, इंदाय. मी घरी नेते." इंदाय ती सुनेला लाडानं म्हणायची. आणि आरासेली, जिचं स्वतःचं अंग आणि मन दोन्ही तेव्हा ठिकाणावर नव्हतं, मान हलवून म्हणाली, "न्या."

नानायनं ते पांढऱ्या कापडात गुंडाळून परसात लिंबाखाली पुरलं. त्या दिवशीच्या संतावरून नाव ठेवलं, बेनितो. दर सोमवारी तिथे मेणबत्ती लावते. रेनांतेचा फोन आला की त्यालाही सांगते, "आज बेनितोला लावली हं." आता आरासेलीनं तोंड उघडायचं तर काय सांगायचं? की ज्याला तुम्ही बेनितो म्हणता तो कदाचित कधी नव्हताच? की तुमच्या शब्दाला मान दिला आणि तोच माझ्या जिवावर बेतला? तोंड उघडलं तर ते सगळं बाहेर येणार, म्हणून ती गप्प राहिली. आज सांगू, उद्या सांगू करत तीन आठवडे गेले.

त्या तीन आठवड्यांत तिनं काम मात्र सोडलं नाही. फोनसुद्धा केले. गिमारास बेटावरची एक बाई, एस्मेराल्दा नावाची, दुसऱ्या फेरीच्या इंजेक्शनांना आली नव्हती.

"मनांग, मला आता बरं वाटतंय," एस्मेराल्दा म्हणाली. "कशाला उगीच टोचून घेऊ? केस गळतात, तोंड येतं."

"बरं वाटतंय ते तुला वाटतंय. रक्ताला विचारलंस का?" आरासेलीनं नेहमीचं सुरू केलं. "हे बघ, घाबरून घरी बसलीस तर ते काही घाबरून बसत नाही. ते वाढतं. दोन बोटी बदलून यायचा कंटाळा आणि पोरांना आईविना ठेवायची तयारी, असं कसं चालेल?"

"तसं नाही हो. मला ना, तिथं आलं की भीती वाटते. ते बाकडं बघूनच पोटात गोळा येतो."

"भीती वाटली तरी..." म्हणत आरासेली थांबली. पुढचं वाक्य तिला तोंडपाठ होतं. ते ओठांवर येईना.

"हॅलो? मनांग? आहात ना?"

"आहे," ती म्हणाली. "ये तू. मंगळवारी ये." आणि फोन ठेवून ती जिन्याखाली जाऊन खोकली. रुमालावर तांबडा ठिपका पडला. मोठा नव्हे, टाचणीच्या डोक्याएवढा. ती त्याच्याकडे बघत राहिली. पायरीवर बसली ती कुणीतरी वरून हाक मारेपर्यंत.

जुनरेलला एव्हाना कोडं सुटलं होतं. त्यात फार अक्कल लागत नव्हती. निरोगी गटात आता उरलेल्या बायका मोजून चार. डोक्तोरांचं वय उलटलेलं, सिस्टर देवाची, तिसरीची पिशवी काढलेली. उरली कोण? दुपारी बॅचोयच्या, म्हणजे शेवयांच्या सूपच्या, टपरीवर तो तिच्या शेजारी येऊन बसला, वाडग्यातल्या शेवया उगीच ढवळत राहिला आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मनांग, मी कुणाला बोलणार नाही."

"काय बोलणार नाहीस?"

"अगं, झालं ते झालं. नवरा वर्षवर्ष दर्यावर, बाई काय लाकडाची असते? मी तुला नावं ठेवणार नाही. चार पोरांचा बाप आहे मी, मला सगळं कळतं."

आरासेलीनं चमचा खाली ठेवला. मग तिला हसू आलं, इतकं की सूप नाकात गेलं आणि खोकल्याची उबळ आली. त्यानं पाठीवर थाप मारली. "सावकाश, सावकाश. दोन जिवांची आहेस."

तिनं तोंडावर रुमाल दाबून धरला. सांगून टाकावं, असं एक क्षण वाटलं. सांगितलं असतं तर तो बिचारा हातातला चमचा टाकून तिला डोक्तोरांकडे ओढत घेऊन गेला असता. पण तिच्या मनात दुसरंच काही आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. तिला बरं वाटलं. हा म्हणतोय तसं असतं तर! असता कुणी परपुरुष, असती बदनामी, बसले असते लोक चघळत. बदनामीनं कुणी मरत नाही. तिनं खाली मान घातली आणि म्हणाली, "ती नळी बाद कर, जुनरेल."

"कधीच केली," तो म्हणाला, आणि आपल्या वाडग्यातला मांसाचा तुकडा उचलून त्यानं तिच्या वाडग्यात घातला.

तो कुणाला बोलला नाही. फक्त बायकोला बोलला. आणि बायको कुणाला बोलली नाही, फक्त ओतोनला दिलेल्या बहिणीला बोलली.

रविवारी मोठी प्रार्थना आटपून नानाय घरी आली, ती चर्चचे बूट न काढताच स्वयंपाकघरात गेली. एरवी आल्या आल्या शेजारणीची एखादी तरी कागाळी ऐकवायची. आज तिनं भात लावला, सुके मासे तव्यावर टाकले, आल्याचा काढा उकळून सुनेपुढे ठेवला आणि समोर बसली.

"कितवा?"

"काय कितवा?"

"महिना. मला गावानं सांगायच्या आधी तू सांगायचं होतंस, इंदाय. चर्चच्या पायरीवर कळलं मला. हसून दाखवावं लागलं, जसं काही मला सगळं आधीच ठाऊक होतं."

आरासेलीनं पेला खाली ठेवला. कधीतरी हे होणार हे तिला कळायला हवं होतं. काहीतरी बोलायला म्हणून तिनं तोंड उघडलं, पण नानायनं हात वर केला.

"आधी मला बोलू दे, नाहीतर माझा धीर सुटेल. वाटेत मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते सांगत नाही. शिव्या दिल्या. तुझ्या आईलासुद्धा सोडलं नाही, देव मला क्षमा करो. पण मग पुलापाशी आले आणि म्हटलं, सीपिंग, तुझाही नवरा दर्यावरच होता. तुला काय माहीत नाही?" तिनं तव्यावरचे मासे उलटले, तोंड तिकडेच ठेवलं. "कुणाचं आहे ते मला सांगू नकोस. मला ऐकायचं नाही. मूल ठेव. रेनांतेला मी बघून घेते. ओरडेल, आदळआपट करेल, एखादं वर्ष येणार नाही. मग येईल. माझ्या पोटचा आहे, मला माहीत आहे. पण तू घर सोडून जाऊ नकोस. माझ्या घरात एक लेकरू रांगू दे. कुणाचंही असो."

आरासेलीला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, ताट भिरकावलं जाईल. त्याची तिनं मनाची तयारी केली होती. याची नव्हती. तिला एकदम रडू फुटलं, आवाज न होणारं, नुसतं खांदे हलवणारं. हे जे पुढ्यात आलं होतं ते घ्यायला तिच्याजवळ काहीच नव्हतं.

"नानाय, मूल नाही."

"घाबरू नकोस गं, मी सांगितलं ना..."

"नाही म्हणजे नाही. कुणाचंच नाही. मी कुणाकडे गेले नाही, कुणी आलं नाही. रक्तात जे दिसतंय ते मुलाचं नाही." तिनं डोळे पुसले. "ते कियावाचं आहे. मागे राहिलेलं. मला वाटतं छातीत गेलंय. मला रक्त पडतंय, नानाय."

मासे करपायला लागले. नानायनं शेगडी बंद केली. कियावा हा शब्द त्या गावात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. तिची स्वतःची मावशी त्यात गेली होती, बरीच वर्षं झाली, इंजेक्शनं नव्हती तेव्हा. तिनं टेबलाची कड धरली.

"मागे राहिलेलं. म्हणजे मार्चमधलं?"

"हो."

"म्हणजे मी जे पुरलं..." नानाय थांबली. "ते काय होतं मग?"

खोटं बोलता आलं असतं. शंभर बायकांना धीर द्यायला आरासेली अर्धवट खरं बोललेली होती. पण भीतीनं ती इतकी दमून गेली होती की खोटं रचायचं त्राण उरलं नव्हतं.

"मला माहीत नाही. मूलही असेल. चांगल्या मुलानंतरही कधी कधी होतं हे. बघायला हवं होतं. आपण बघितलं नाही."

"मी पाठवू दिलं नाही."

"मी न्या म्हटलं. मला कळत होतं, तुम्हाला नव्हतं."

नानायनं मागचं दार उघडलं आणि ती बाहेर गेली. आरासेलीला वाटलं, रडायला गेली असेल. मग तिला भिंतीला टेकून ठेवलेलं खोरं सरकल्याचा आवाज आला, आणि ती धावली.

चर्चचा फुलाफुलांचा झगा, चर्चचे बूट, आणि नानाय लिंबाखाली गुडघे टेकून माती ओढत होती. मेणबत्त्यांची बुडखी तिनं एका बाजूला सारली होती. खोरं मुळांत अडकलं तसं तिनं ते फेकलं आणि हातानंच उकरायला लागली.

"नानाय! काय करताय?"

"काढते. तू ने, तुझ्या यंत्रात घाल. आता तरी बघा काय ते. तुमच्या डोक्तोराला दाखव. मीच अडवलं होतं ना, मीच काढून देते."

"काही उरलेलं नसेल हो. एवढा पाऊस झाला."

"कापड असेल. कापडाला लागलेलं असेल. तुमचं तर थेंबावरही भागतं ना? तूच सांगतेस." तिचा श्वास फुलला होता. बोटं मातीत जातच होती. "बेनितो नसला तरी चालेल मला. तू पाहिजेस. ऐकलंस? तो नसला तरी चालेल."

आरासेली तिच्या शेजारी चिखलात बसली आणि तिनं ती दोन्ही मनगटं घट्ट धरली. म्हातारीच्या हातांना चांगलाच जोर होता, ते सुटायला बघत होते. तीन आठवडे छातीत कोंडून ठेवलेलं तेव्हा एकदम वर आलं, आणि ते शहाणपणाचं काही नव्हतं.

"तिथे शोधू नका, नानाय. ते सगळं माझ्या अंगात आहे. मला मरायचं नाही. मला तिथे जायची भीती वाटते, त्या बाकड्यावर बसायची भीती वाटते, माझी मला जाता येत नाही. तुम्ही मला न्या."

नानायचे हात थांबले. तिनं सुनेकडे बघितलं.

"आज रविवार. उघडं असतं?"

"आमचा दवाखाना उघडा असतो. डोक्तोरांना मी वाटेत फोन करते. धावत येतील."

"हात धुते आणि आलेच."

"नको," आरासेली म्हणाली. तिनं मनगटं सोडली नव्हती. "धुऊ नका. तुम्ही आत गेलात की मी परत बसेन. मला माहीत आहे. अशाच चला."

त्या तशाच निघाल्या. मागचं दार उघडं, भात शेगडीवर. रस्त्यावर रविवारची जीपनी, गावाची ती प्रवासी गाडी, लवकर येईना. चर्चमधून परतणाऱ्या बायका त्यांच्या चिखलानं भरलेल्या झग्यांकडे, हातांकडे बघून कुजबुजत पुढे गेल्या. एकीनं तर आरासेलीच्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं. नानायनं तिला, "काय बघतेस गं?" म्हणून खडसावलं. आरासेलीला ते ऐकूही आलं नाही. ती वळणाकडे डोळे लावून उभी होती. जीपनी आली तेव्हा नानाय आधी चढली आणि वरून तिनं हात दिला.